गिरणीतली तांदळाची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी गिरण आहे. 'आहे' म्हणावे की 'होते' म्हणावे, याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. माझा पट्टा काढून खुंटीला टांगला आहे. मोटरवर गोणपाट टाकले आहे. जी दळत नाही तिला गिरण म्हणतात का? तुम्ही शाळेत जाणारी मुले आहात, तुम्हाला ते अधिक ठाऊक असेल. मला फक्त माझ्या समोर जे घडले तेवढे सांगता येईल, आणि तेही सरळ सांगता येईल की नाही, याची मला धास्ती वाटते आहे.

माझा लोखंडी सांगाडा कोल्हापूरच्या एका कारखान्यात ओतला गेला. दगड कुठून आणले ते मला कोणी सांगितले नाही. ट्रकमधून आंबा घाट उतरून मी रत्नागिरीला आले आणि झाडगावातल्या एका जांभ्या दगडाच्या खोलीत मला बसवले. खोली श्रीपतीची होती. तो तेव्हा तरुण होता आणि त्याचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. त्याची बायको मालिनी हिने मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि पहिले दळण म्हणून किलोभर तांदूळ माझ्या वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यात ओतले. ते पीठ अंगावरून जाताना मला जे वाटले, ते सांगायला शब्द असतील, पण माझ्यापाशी नाहीत.

इकडे गिरणीत मुख्यतः तांदूळच येतो. भाकरीसाठी, घावनांसाठी, आंबोळ्यांसाठी. गणपतीच्या आधी मोदकांचे पीठ दळायला बाया दारात रांग लावून उभ्या राहत. अधूनमधून नाचणी, अधूनमधून भाजलेले कुळीथ. कुळीथ दळले की दोन दिवस खोलीला त्याचा खमंग वास राही.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. कुठल्याही गिरणीत थोडे पीठ मागे राहते. काही दगडांना चिकटते, काही कापडी पिशवीला, काही हवेत उडते. त्यामुळे दोन किलो धान्य घातले तर पीठ दोन किलोला थोडे कमीच भरते. यात लबाडी नसते. पण एकदा वरच्या वाडीतली सखू नावाची नवी सून डबा घेऊन दळणाला आली आणि दारातच रडायला लागली. तिची सासू पीठ तोलून घेत असे आणि कमी भरले की म्हणे, "वाटेत विकलंस काय गो?"

मालिनीने ते ऐकले. सखू गेल्यावर ती श्रीपतीला म्हणाली, "अहो, पीठ तुमच्या गिरणीत राहतं आणि बोलणी त्या पोरी खातात. हे बरं नाही."

"मग काय करू? दगड चाटू?"

"चाटू नका. आपल्या तांदळाची एक मूठ टाकत जा प्रत्येकीच्या दळणात. आपल्याला मुठीनं काही कमी पडायचं नाही."

त्या दिवसापासून माझ्या पायाशी तांदळाचा एक डबा आला. कोणाचेही दळण असो, आधी डब्यातली एक मूठ आणि मग ज्याचे त्याचे धान्य. श्रीपतीने ते कोणाला सांगितले नाही. पण झाडगावच्या गिरणीत पीठ कमी येत नाही, हे हळूहळू सगळीकडे माहीत झाले. शिरगावातून, राजिवड्यातून माणसे डोक्यावर डबे घेऊन येऊ लागली. राजिवड्याच्या अजराभाभी तर उघड म्हणत, "श्रीपतीभाऊ, तुमच्या गिरणीला बरकत हाय." माझे कौतुक झाले की मला संकोच वाटे. कारण बरकत माझी नव्हती, मुठीची होती.

मग मालिनी वारली. तेराव्यानंतर श्रीपतीने मला पुन्हा सुरू केले, डब्यात हात घातला आणि मूठ तशीच धरून बराच वेळ उभा राहिला. त्यानंतर मूठ टाकताना त्याचे ओठ हलू लागले. तो काय म्हणत असे ते माझ्या आवाजात मलाही ऐकू येत नसे.

मित्रांनो, यानंतर काळ बदलला, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला काळाचे काही कळत नाही. मला फक्त डबे कळतात. डबे लहान झाले, एवढे मी सांगू शकते. अजराभाभी दहा किलो तांदूळ आणायच्या, त्या किलोभर आणू लागल्या.

"काय भाभी, घरात माणसं कमी झाली काय?" श्रीपतीने विचारले.

"माणसं हायत तेवढीच. डॉक्टरनी माझा भात बंद केला, साखर वाढली म्हणून. भाकरी म्हणे अर्धी खा. आता कोकणात भात नाय खायचा तर खायचं काय, वारा?"

ज्यांना साखरेचा आजार नव्हता तेही तेच बोलू लागले. शार्दूल नावाचा एक दांडगा तरुण एक दिवस पिशवीभर बदाम घेऊन आला.

"काका, एवढे दळून द्या."

"बदाम? लग्न कोणाचं हाय?"

"लग्न नाय ओ. पोळ्या करायच्यात. कार्ब कमी करतोय."

श्रीपतीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. "बापूस काय राजा हाय काय रे तुझा, बदामाच्या पोळ्या खायला?"

बदाम तेलकट असतात. माझे दगड चोंदले, पट्टा घसरू लागला, मोटर कण्हू लागली. शेवटी डब्यातले दोन मुठी तांदूळ घालून दगड मोकळे करावे लागले. कोरडा तांदूळ दगडांवरचे तेल ओढून घेतो.

शार्दूल ज्याला कार्ब म्हणत होता त्याला तुमच्या पुस्तकात कर्बोदके म्हटले आहे. तांदूळ, गहू, साखर यांत ती भरपूर असतात. ती कमी असलेले पीठ, बिस्किटे, शेव आता पाकिटांतून मिळू लागली होती आणि लोक ती शोधत फिरत होते. हे सगळ्यांत आधी ओळखले ते श्रीपतीच्या सुनेने, वैदेहीने. ती देवरूखच्या कॉलेजात विज्ञान शिकलेली होती. तिचा नवरा गंधार, म्हणजे श्रीपतीचा एकुलता मुलगा, पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात कामाला होता. तो शिमग्याला आणि गणपतीला घरी येई. बाकीचे वर्ष घरात सासरा आणि सून, अशी दोनच माणसे.

मांडवीच्या समुद्रावर जी जेवणाची हॉटेले आहेत, तिथे रोज सोलकढीसाठी नारळाचे दूध काढतात आणि उरलेला चोथा टाकून देतात. वैदेही तो चोथा ताजा ताजा आणू लागली. तो धुऊन, पिळून, अंगणात पातळ कापडाखाली वाळवू लागली. त्यात भाजलेले सोयाबीन आणि थोडे जवस मिसळून तिने घरच्या मिक्सरवर पीठ केले आणि त्याची भाकरी श्रीपतीला खायला दिली.

"कशी लागली, बाबा?"

"बरी हाय. म्हणजे भाकरीतनं भाकरी काढून टाकायची आणि उरेल ती विकायची, असंच ना?"

"तसंच समजा. यात तांदूळ नाही, गहू नाही. म्हणून तर लोक घेतात."

अजराभाभींनी ते पीठ नेले आणि आठवड्याने पुन्हा मागायला आल्या. मग त्यांच्या मोहल्ल्यातून आणखी काहीजणी आल्या. शार्दूल तर मित्रांनाच घेऊन आला. आणि एका दुपारी मुंबईहून योगिनी नावाच्या बाई गाडी घेऊन आमच्या दारात उतरल्या. त्या असे पदार्थ गावोगावच्या माणसांकडून बनवून घेत आणि मोठ्या शहरांत विकत. माझ्या खोलीतल्या बाकावर बसून त्या म्हणाल्या, "मागणी इतकी आहे की माल पुरत नाही. तुम्ही नियमित दिलंत तर वर्षभराचं काम आहे. पण माझं एकच म्हणणं. साखरेचे पेशंट विश्वासानं हे खातात. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं वीस ग्रॅमच्या आत पाहिजेत. तुमचं मिक्सरवरचं पीठ मी आधीच मागवून तपासलं, त्यात अठरा आली. उत्तम. आता गिरणीवर करून पाठवा. प्रत्येक वेळी मी तपासून घेणार."

श्रीपती छाती काढून म्हणाला, "ताई, आमच्या गिरणीत आजपर्यंत कुणाचं पीठ कमी आलेलं नाय. विचारा कुणालाही."

"मला वजनाची काळजी नाही, काका. आत काय आहे त्याची आहे."

त्या गेल्यावर वैदेहीने गंधारला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला. गंधारच्या कंपनीने त्याला कायम करायचे ठरवले होते. त्याने सही केली की राहायला खोली मिळणार होती आणि मग तो तिकडचाच होणार होता.

"महिनाअखेरपर्यंत सांगायचंय त्यांना," तो म्हणाला. "तुमचं हे पक्कं झालं तर मी सही करत नाही. सरळ घरी येतो. गिरण, चोथा, पाकिटं, सगळं बघतो. मला इथे राहायची हौस नाही गं."

 फोन ठेवल्यावर श्रीपतीने माझ्यावरची धूळ पुसली आणि त्याच फडक्याने आपले डोळे पुसले. पीठ गेले असेल डोळ्यांत.

मित्रांनो, मला वाटते तुम्हाला आता पुढचे कळले असेल. तुम्ही हुशार आहात. मला मात्र तेव्हा काही कळले नव्हते. मी दळत होते, एवढेच. वैदेहीने मला ब्रशने झाडून काढले, कापडी पिशवी नवी शिवली, आणि तिच्या मिश्रणाचे डबे सासऱ्याच्या हवाली करून ती अंगणातला चोथा परतायला गेली. श्रीपतीने बटण दाबले. त्याचा हात नेहमीसारखा पायाशी गेला, मूठ भरून वर आला आणि माझ्यात रिकामा झाला. हाताला विचारावे लागत नाही. शिवाय सोयाबीन आणि खोबरे तेलकट. दगड चोंदले की आणखी एक मूठ.

तपासणीत सव्वीस आले.

"काहीतरी मिसळतंय," योगिनीबाई फोनवर म्हणाल्या. "गिरण स्वच्छ करा. पुन्हा पाठवा."

पुन्हा पाठवले. या वेळी त्याहून जास्त आले. वैदेहीला उमगेना. ती माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्या प्रत्येक फटीत विजेरीचा झोत टाकून पाहत होती. श्रीपती तिच्या मागे उभा होता. त्याचे तोंड उतरले होते.

"दगडात जुनं पीठ बसलं असेल," तो म्हणाला. "मी टाकी लावतो."

टाकी लावणे म्हणजे दगड उतरवून छिन्नीने त्यांना पुन्हा खरखरीत करणे. ते तरुणाचे काम. श्रीपतीने ते एकट्याने केले. दिवसभर तो जमिनीवर बसून ठोकत होता, मध्येच कमरेवर हात ठेवून थांबत होता. माझा कणन्‌कण त्याने खरवडून काढला. संध्याकाळी वैदेही चहा घेऊन आली तेव्हा त्याला उठता येईना. तिने हात दिला.

"बाबा, कशाला एवढं?"

"पोरगा घरी यायचा हाय गो. मग काय?"

योगिनीबाईंनी आणखी एकदा पाहू म्हटले होते. तिसरे दळण सुरू झाले. पहिला डबा वैदेहीने दिला आणि दुसरा आणायला ती आत गेली. श्रीपतीने डोळे मिटले, मूठ भरली. मी अजून वेग घेतला नव्हता, त्यामुळे या वेळी त्याचे शब्द मला ऐकू आले. "मालिनी, पोराला आणायचंय. बघ हो तू."

मूठ पडली तेव्हा वैदेही दारात होती.

"बाबा, हे काय टाकलंत?"

श्रीपती हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. "तुझ्या सासूची मूठ. या वेळी कमी पडायचं नाय बघ."

"प्रत्येक वेळी टाकता?"

"मग? दुनियेच्या दळणात टाकतो आणि तुझ्यात विसरेन होय? उलट तुझ्यात दोन-दोन टाकतो, दगड चोंदतात म्हणून."

"आणि ते पीठ?"

"तुझ्याच पिशवीत. अन्न ते, फेकायचं होय?"

वैदेही हातातल्या डब्यासकट तिथल्या पोत्यावर बसली. श्रीपतीने घाईघाईने मला बंद केले.

"काय झालं गो?"

तिने त्याच्याकडे पाहिले. त्याच्या हातांना छिन्नीचे फोड आले होते. ती बोलणार, असे मला वाटले. मी तर पूर्ण थांबले होते, खोलीत कसलाच आवाज नव्हता, बोलायला सगळी जागा मोकळी होती.

"काही नाही, बाबा. ऊन लागलं वाटतं."

मग ती बाहेर वळचणीखाली गेली आणि तिने योगिनीबाईंना फोन केला. आणखी आठ दिवस द्या, आता नक्की होईल, म्हणाली. पलीकडचे मला ऐकू आले नाही. वैदेही नुसते "हो" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "बरोबर आहे, तुम्ही तरी किती थांबणार? दुसरीकडे शब्द दिलात ते ठीकच केलंत. पुढे कधी लागलं तर कळवा."

ते पीठ तिने पाठवले नाही. आणि त्या संध्याकाळी, श्रीपतीने तिसऱ्यांदा विचारल्यावर, तिने त्याला सांगितले, "गिरण जुनी झाली, बाबा. दगडांच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तांदळाचं पीठ बसलंय. ते निघणार नाही. योगिनीबाई नाही म्हणाल्या."

"मी टाकी लावली ना गो?"

"तुमचा काही दोष नाही. गिरणीचाच आहे."

मित्रांनो, मला राग आला नाही. मी लोखंड आणि दगड आहे, दोष ठेवायला माझ्याइतकी सोयीची जागा घरात दुसरी नव्हती. वैदेहीने मालिनीची मूठ वाचवली, सासऱ्याला वाचवले. त्या वेळी मला तिचे कौतुकच वाटले. आता वाटते की नाही, हे विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही.

गंधारचा फोन आला तेव्हा श्रीपतीच बोलला. "आपली गिरण पुरी नाय पडली रे. तू सही कर. माझी काळजी नको करू."

गंधारने सही केली. त्याला खोली मिळाली. पावसाळ्याआधी वैदेहीही गेली. "बाबा, तुम्हीही चला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. श्रीपती म्हणाला, "मला तिकडे समुद्राचा वारा कुठून मिळायचा?" निघताना ती माझ्या खोलीत आली, उगाच ओढणीने माझे नरसाळे पुसले आणि काहीतरी विसरल्यासारखी उभी राहिली. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

त्यानंतर श्रीपतीने मला बंद केले. अजराभाभी छोटा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय भाऊ, पट्टा का काढलात?"

"म्हातारी झाली ती, भाभी. तिच्यापायी माझा पोरगा यायचा राहिला."

"असं नका बोलू. तिनं सगळ्या गावाला खिलवलं."

"खिलवलं," श्रीपती म्हणाला. "पण वेळेला उपयोगी नाय पडली." आणि त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. इतकी वर्षे त्याच्यासोबत काढली, पण त्याने माझ्याकडे न पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता खोलीचे दार क्वचित उघडते. श्रीपती बाहेरच्या पायरीवर बसतो. त्याचे जेवण शेजारून येते. गेल्या आठवड्यात दारासमोर एक गाडी थांबली. आतून एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी उतरल्या. इकडे कमी कर्बोदकांचे नारळाचे पीठ मिळते असे त्यांना अजराभाभींच्या कोणा नातलगाने सांगितले होते.

"आईला साखर आहे हो," ते गृहस्थ म्हणाले. "बाजारात पाकिटं ढीगभर आहेत, पण खात्रीचं काही मिळत नाही. तुमच्याकडचं छान होतं म्हणे."

"व्हायचं," श्रीपती म्हणाला. "सून करायची माझी. पण गिरणीला जमलं नाय ते."

"दुसऱ्या गिरणीवर नाही होणार?"

"आता करणारं कोणी नाय इथे."

ते गेले. मी भिंतीआडून ऐकत होते. माणसे अजून दारात येतात. मांडवीला चोथा अजून फेकला जातो. माझ्या दगडांना तेव्हाची टाकी अजून आहे, बोट फिरवले तर धार लागेल. सगळे जिथल्या तिथे आहे, फक्त एक वाक्य सांगायचे राहिले आहे.

मित्रांनो, मी उपदेश करावा अशी माझी योग्यता नाही. मी एका जागी उभी राहिलेली वस्तू आहे आणि माझे चुकतही असेल. पण मला राहून राहून वाटते, की घरातली म्हातारी माणसे काचेची नसतात. खरे कळले असते तर श्रीपती एक दिवस जेवला नसता, दोन दिवस कोणाशी बोलला नसता. मग त्याने तो तांदळाचा डबा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला असता. मालिनी असती तर तिनेच आधी नेला असता. त्याला दुखेल म्हणून कोणी सांगितले नाही, आणि आता त्याला रोज दुखते आहे, तेही चुकीच्या कारणासाठी.

तुमच्या घरी कोणी आजोबा असतील, आजी असतील. ते प्रेमाने काही करत असतील आणि त्यानेच काही बिघडत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांचा हात हातात घ्या आणि खरे सांगा. वाटेल तितके हळू सांगा, पण सांगा. मी दगडाची आहे, मला ते जमले नाही. तुम्हाला बोलता येते.